सूर्य फिरतो की पृथ्वी? विचारा लोकांना!

पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती? २०१२ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत हा प्रश्न विचारला, तर चौघांतल्या एकाचं उत्तर चुकलं. चंद्रावर माणूस उतरवलेला देश हा! युरोपात २००५ साली बरोबर उत्तरं आली ६६ टक्के. आणि भारतात २००४च्या पाहणीत सुमारे ७० टक्के. शाळेची पायरी न चढलेली माणसं जमेस धरूनही आपण युरोपच्या खांद्याला खांदा लावून उभे होतो.

त्याच अमेरिकी पाहणीतला दुसरा प्रश्न आणखी बोलका आहे. ‘आजची माणसं आधीच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाली. खरं की खोटं?’ ४८ टक्के म्हणाले, खरं. काही जणांना मात्र हाच प्रश्न ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढं पुढे जोडून विचारला होता. तिथे बरोबर उत्तरं थेट ७२ टक्क्यांवर गेली! म्हणजे विज्ञान काय सांगतं हे पुष्कळांना नीट ठाऊक होतं. ते आपलं स्वतःचं मत म्हणून सांगायला त्यांची तयारी नव्हती, कारण घरी, चर्चमध्ये, आपल्या माणसांत वेगळं बोललं जातं.

विज्ञान-तंत्रज्ञानाबद्दल लोकांना काय वाटतं, हा विषय म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. जगभरचे किस्से आणि आकडे चाळताना एक गोष्ट सारखी वर येते. विज्ञान दारात घेऊन कोण आलंय आणि तो आपल्याशी कसा वागतोय, हे लोक आधी बघतात. पटत नसेल, तर पुढचं वाचा.

टोमॅटोतली जनुकं

‘साध्या टोमॅटोत जनुकं नसतात, फक्त जनुक बदललेल्या टोमॅटोत असतात.’ हे विधान चूक आहे, असं २००५ साली युरोपातल्या फक्त ४१ टक्के लोकांनी ओळखलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०१५ मध्ये लोकांना विचारलं, ज्या खाद्यपदार्थांत डीएनए आहे त्यांच्यावर तशी सक्तीची चिठ्ठी हवी का? ८० टक्क्यांहून अधिक लोक म्हणाले, हवी. आता डीएनए भाजीत आहे, डाळीत आहे, मटणात आहे. चिठ्ठी लावायची तर भाजीमंडई पुरायची नाही!

पण हसून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही ही. ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासात दिसलं, की जनुक बदललेल्या अन्नाला ज्यांचा विरोध सर्वांत कडवा, त्यांना या विषयातलं आपल्याला सगळ्यात जास्त कळतं असं वाटत होतं. प्रत्यक्ष चाचणीत त्यांचेच गुण सगळ्यात कमी आले.

मग शिकवलं की मत बदलेल? इतकं सोपं नाही. हवामानबदलाच्या प्रश्नावर अमेरिकेत २०१२ साली डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की विज्ञानाची आणि आकड्यांची समज जसजशी वाढते, तसतशी दोन विरोधी विचारांच्या गटांतली दरी रुंदच होत जाते. हुशार माणूस आपल्या गटाची बाजू अधिक हुशारीने मांडतो, एवढाच फरक. तिथल्याच आणखी एका अभ्यासाने इतिहास खणून काढला: १९७४ साली वैज्ञानिकांवर सर्वाधिक विश्वास होता तो परंपरावादी मंडळींचा. २०१०पर्यंत तेच सर्वांत खाली घसरले होते, आणि ही घसरण ठळक होती ती त्यांच्यातल्या शिकलेल्यांमध्ये.

पाश्चरच्या देशात लशीची शंका

वेलकम या ब्रिटिश संस्थेने २०१८ साली १४०हून अधिक देशांत सुमारे १ लाख ४० हजार लोकांना विचारलं: लस सुरक्षित आहे असं वाटतं का? जगभरात ७९ टक्के ‘हो’ म्हणाले. बांगलादेश आणि रवांडात तर जवळजवळ सगळेच. आणि सर्वाधिक शंका कुठे निघाली? लुई पाश्चरच्या फ्रान्समध्ये! तिथे तिघांतल्या एकाला लस सुरक्षित वाटत नव्हती.

ज्या घरात गोवराने किंवा घटसर्पाने लेकरू गेल्याची आठवण ताजी आहे, त्या घराला लशीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. रोग नजरेआड झाला, की सुईचीच भीती उरते.

आपल्या मुंबईचं नाव लशीच्या इतिहासात फार वर आहे. भारतात देवीची पहिली यशस्वी लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या मुलीचा पुतळा कुठे असेल तर मला पाहायला आवडेल.

पण खरी कसोटी लागली ती प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात हा रोग ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्याच्या हडफडे गावचे हे डॉक्टर. त्यानंतर सरकारी बडगा सुरू झाला: घरांची झडती, रुग्णांना उचलून नेणं, सामान जाळणं. ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला, कारण तिथे गेलेला माणूस परत येत नाही असा बोलबाला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख असलेल्या रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत, माजघरांत, देवघरांत शिरले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

इंग्रज अधिकाऱ्यांनी या सगळ्याला ‘अडाणीपणा’ असं नाव दिलं. मला ते साफ अमान्य आहे. कारण त्याच महिन्यांत, त्याच शहरांत, दुसरंही काही घडत होतं. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. खोजा इस्मायली समाजाचे प्रमुख, तिसरे आगाखान, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचे तरुण होते. त्यांनी चारचौघांसमोर लस घेतली, हाफकिनना कामासाठी आपली जागा दिली, आणि त्यांचे अनुयायी रांगेत उभे राहिले. पुण्यात सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण नेऊन पोचवत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजिराच्या हातून जे लोकांनी झिडकारलं, ते सावित्रीबाईंच्या हातून स्वीकारलं. औषधोपचार तेच, माणूस वेगळा.

शंभर वर्षांनी पोलिओच्या वेळी हा धडा कामी आला. उत्तर प्रदेशात ‘दो बूंद’ची मोहीम काही मुस्लिम वस्त्यांत अडली, तेव्हा मशिदीतल्या इमामांना, मोहल्ल्यातल्या बायकांना सोबत घेतलं गेलं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला, हावड्यात. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

शाईत तूप

मुंबईत छापखाने आले, तेव्हा सोवळ्यातल्या मंडळींचा आक्षेप होता शाईला. चरबी असेल तर? गणपत कृष्णाजी या मराठी मुद्रकाने वाद घातला नाही. त्यांनी धार्मिक पुस्तकांसाठी तूप घालून शाई बनवली! १८३१ साली त्यांनी छापील मराठी पंचांग काढलं आणि छापील कागद देवघरापर्यंत पोचला. लोकांची अडचण नेमकी काय आहे हे ऐकून घेऊन यंत्र न बदलता शाई बदलणारा हा माणूस. विज्ञान-प्रसाराच्या वर्गात पहिला धडा यांचा असावा.

रेल्वेचंही तसंच. हिंदुस्थानातले लोक गरीब, त्यात जातीपाती, एका डब्यात बसणार कोण, अशी शंका लंडनमध्ये घेतली जात होती. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन गाडी ठाण्याला निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिसऱ्या वर्गाचे डबे ओसंडून वाहू लागले. कंपन्यांचं प्रवासी उत्पन्न मुख्यतः त्याच वर्गातून येत होतं. पंढरीच्या, काशीच्या यात्रेकरूंनी हिशेब चटकन केला होता.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. फ्रान्समधल्या सेंतोमेर गावात एका वकिलाने घरावर वीजवाहक सळई लावली, तर शेजारी घाबरून कोर्टात गेले: ही सळई वीज ओढून आणील! १७८३ साली सळईच्या बाजूने युक्तिवाद करून खटला जिंकणाऱ्या तरुण वकिलाचं नाव होतं रोबेस्पिअर. पुढे राज्यक्रांतीत गाजला, तोच.

रॉकेटला देऊळ दिलं... म्हणजे चर्च

केरळात थुंबा या मच्छीमारांच्या गावावरून पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जातं. रॉकेटसाठी जागा अगदी योग्य, पण मधोमध मेरी माग्दालेनचं चर्च. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. अब्दुल कलाम यांनी लिहिलेल्या आठवणीनुसार बिशपनी रविवारच्या प्रार्थनेत लोकांपुढे थेट विषय ठेवला, आणि गावाने आमेन म्हटलं. जे लोक घर, किनारा, देऊळ सोडून गेले, त्यांच्या जागेवरून २१ नोव्हेंबर १९६३ला पहिलं रॉकेट उडालं. त्या चर्चमध्ये आज अवकाश संग्रहालय आहे. आपल्या अवकाश कार्यक्रमाची कहाणी सांगताना त्या मच्छीमारांचं नाव पहिल्या पानावर यायला हवं.

त्यानंतरची गंमत १९७५ची. १ ऑगस्टपासून वर्षभर, नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला गेला. ‘साइट’ नावाचा हा प्रयोग. निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. टीव्हीने शहाण्यांना अधिक शहाणं आणि मागे पडलेल्यांना अधिक मागे टाकायचं, हा तेव्हाचा प्रचलित समज. पण प्रकाश शिंगी आणि बेला मोदी यांनी शेतीच्या टीव्ही कार्यक्रमांवर स्वतंत्रपणे केलेला अभ्यास १९७६ साली छापून आला, त्यात उलटं निघालं. ज्या शेतकऱ्यांना आधी कमी माहिती होती, त्यांनीच जास्त उचललं आणि जाणत्या शेतकऱ्यांशी असलेलं त्यांचं अंतर कमी झालं. आधीच जाणत्या शेतकऱ्यांना त्या कार्यक्रमांत नवं फारसं नव्हतं, हे त्यामागचं साधं कारण.

कुंभमेळ्यातली प्रश्नावली

विज्ञानाची पाहणी करायला तुम्ही कुठे जाल? कॉलेजात? दिल्लीच्या निस्टॅड्स या संस्थेतले गौहर रझा आणि त्यांचे सहकारी १९८९ साली प्रयागच्या कुंभमेळ्यात गेले! देशाच्या कानाकोपऱ्यातून, सगळ्या थरांतून माणसं येतात ती जागा हीच. दिवसरात्र कसे होतात, ग्रहण कशाने लागतं, पृथ्वीचा आकार कसा, माणूस कुठून आला, असे प्रश्न. नंतरच्या मेळ्यांतही ते पुन्हा गेले.

त्यातून निघालेली कल्पना झकास आहे. प्रत्येक वैज्ञानिक कल्पना लोकांच्या रोजच्या जगण्यापासून वेगवेगळ्या अंतरावर असते. पृथ्वी गोल आहे, हे थोड्या शाळेतही सहज रुजतं. माणसाच्या उत्पत्तीचं उत्तर मात्र फार लांबचं, कारण तिथे आधीपासून एक कथा घर करून बसलेली असते. तेव्हा ‘जनता अवैज्ञानिक आहे’ हे विधानच ढोबळ. कोणत्या बाबतीत, ते विचारा.

१९९५: एकाच देशातले दोन दिवस

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो! दिल्लीतून बातमी निघाली आणि फोनवरून दुपारपर्यंत देशभर गेली. परदेशातल्या देवळांतही रांगा लागल्या. डॉक्टर, इंजिनिअर, कारकून, भाजीवाल्या, सगळे एका रांगेत. वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरतं.

बरोबर ३३ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, दिवाळीच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं. १९८०च्या फेब्रुवारीतल्या ग्रहणात याच देशातले रस्ते ओस पडले होते, मुंबईसुद्धा दारं लावून बसली होती. पंधरा वर्षांत चित्र पालटलं. खग्रास पट्ट्यात माणसं खास प्रवास करून गेली. दूरदर्शनने ग्रहणातली ती हिऱ्याची अंगठी थेट दाखवली. शाळांत ग्रहण पाहायचे चष्मे वाटले गेले. त्यामागे विज्ञान परिषदांच्या, लोकविज्ञान चळवळीच्या कार्यकर्त्यांनी घातलेले खेटे होते. सप्टेंबरात दूध पाजणारे आणि ऑक्टोबरात चष्मा लावणारे लोक वेगळे होते असं मला वाटत नाही. पुष्कळसे तेच असणार.

सत्तावीस ज्योतिषी आणि एक नाणं

महाराष्ट्राने जगाला दिलेला एक सुंदर प्रयोग, आणि तो आपल्यातच फार थोड्यांना माहीत आहे. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांनी एकत्र येऊन ठरवलं, की ज्योतिषाला शिव्याही द्यायच्या नाहीत आणि हारही घालायचे नाहीत. चाचणी घ्यायची.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: १०० शाळेत चमकणारी मुलं, १०० मतिमंद मुलं. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवल्या. कोणती कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. कसोटीही आधी जाहीर केली: ४०पैकी किमान २८ बरोबर. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सर्वाधिक गुण पडले २४. बाकीचे त्याच्या खाली, आणि सरासरी तर नाणं उडवून मिळाली असती त्याच्याही खाली. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या. बरोबर निघाल्या १०२. २००८ साली पुण्यात निकाल जाहीर झाला.

मला यातली रीत भावते. ज्योतिष्यांना आधी बोलावलं, अटी सगळ्यांसमोर ठेवल्या, आकडे जसे आले तसे मांडले. विरोधकाचा मान राखूनही इतकं धारदार विज्ञान करता येतं. या चौघांतल्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. त्या आठवणीने आजही जीव कळवळतो.

श्रद्धाळू माणूस विज्ञानाचा शत्रू असतो, हा समजही आकड्यांत टिकत नाही. ६८ देशांतल्या सुमारे ७२ हजार लोकांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. वैज्ञानिकांवरच्या विश्वासात पहिला इजिप्त, दुसरा भारत. आणि जगभराचा हिशेब केला, तर धार्मिक माणसांचा विश्वास किंचित जास्तच निघाला! वैज्ञानिकांकडेच वळलं तर एलेन हॉवर्ड एक्लंड यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत भारत, इटली, तैवान, तुर्कस्तान इथले निम्म्याहून अधिक वैज्ञानिक स्वतःला धार्मिक म्हणवतात. हाँगकाँगमध्ये तर सामान्य लोकांपेक्षा वैज्ञानिक जास्त धार्मिक निघाले.

बोंडअळी, वांगं आणि अकोल्याचं शेत

जनुक बदललेलं अन्न सुरक्षित आहे का? अमेरिकेत २०१५च्या प्यू पाहणीत ८८ टक्के वैज्ञानिक ‘हो’ म्हणाले, सामान्य लोक ३७ टक्के. इतकी मोठी दरी त्या पाहणीत दुसऱ्या कुठल्याच प्रश्नावर नव्हती.

भारतात या प्रश्नाने वेगळंच वळण घेतलं. २००१ साली गुजरातेत परवानगी नसलेलं, बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी कापूस बियाणं शेतात सापडलं. सरकार म्हणालं, पीक जाळा. शेतकरी म्हणाले, जाळणार नाही. शेतकरी नेते शरद जोशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला रीतसर परवानगी मिळाली. बीटी वांग्याची गोष्ट उलटी झाली. नागपूरसह सात शहरांत सुनावण्या झाल्या, खडाजंगी झाली आणि ९ फेब्रुवारी २०१०ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून तेच वांगं शेतकरी पिकवतात.

मग १० जून २०१९. अकोला जिल्ह्यातलं अकोली जहांगीर गाव. शेतकरी संघटनेच्या शेकडो शेतकऱ्यांनी बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं दिवसाढवळ्या, जाहीर करून पेरलं. पाच वर्षं कैद आणि लाखाचा दंड अशी शिक्षा असताना! निंदणीला मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, तणनाशक मारून कापूस उभा राहत असेल तर तो आम्हाला हवा, हा त्यांचा हिशेब. हा कायदेभंग होता तंत्रज्ञान मिळावं यासाठी. ‘खेडूत नव्याला भितो’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा अकोटच्या बाजूला जाऊन यावं.

अर्थात शेतकरीही आंधळा भक्त नाही. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणं सोडलं, तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्यानेही ओरड केली. फायदा-तोटा त्याच्या सातबाऱ्यावर होतो, म्हणून त्याचं मत मला मोलाचं वाटतं.

यंत्र फोडणारे

लुडाइट म्हणजे यंत्राला घाबरणारे, असं आपण धरून चालतो. १८११ साली नॉटिंगहॅमला यंत्रं फोडणारे हे कसबी विणकर होते. यंत्र कसं चालतं हे त्यांना मालकापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांचा राग मजुरी पाडण्यावर आणि निकृष्ट माल विकण्यावर होता. सरकारने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली, तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात कवी बायरन त्यांच्या बाजूने बोलला.

आपल्याकडे १९६०च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणक येऊ नये म्हणून मोठा लढा दिला. बँकांत तर १९८३ साली संघटनांशी करार झाला, तेव्हा कुठे मोजकी यंत्रं आत आली. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती, आणि तिच्याशी बोलणी करूनच वाट निघाली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. आता चहाच्या टपरीवरचा डबा ‘दस रुपये प्राप्त हुए’ असं खणखणीत सांगतो.

अमेरिकेतल्या आमिश लोकांचं मला कौतुक वाटतं. घोडागाडीतून फिरणारे हे लोक तंत्रज्ञान सरसकट नाकारत नाहीत. नवी वस्तू आली, की तिने कुटुंब आणि गाव जोडलं जाईल की तुटेल यावर एकत्र बसून विचार करतात. टेलिफोन त्यांनी घरात येऊ दिला नाही; काही ठिकाणी शेताच्या कडेला सामाईक फोनची खोपटी ठेवली. निरोप देता येतो, जेवताना घंटी वाजत नाही.

आपला कल याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. २०२२च्या इप्सॉस पाहणीत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वस्तूंचे फायदे तोट्यांहून जास्त’ असं म्हणणारे चीनमध्ये ७८ टक्के, भारतात ७१ आणि अमेरिकेत फक्त ३५! आशा हे आपलं बळ आहे. मात्र भारतातल्या अशा पाहण्या ऑनलाइन होतात आणि त्यात मुख्यतः शहरी, शिकलेला वर्ग येतो, तेव्हा ७१ या आकड्यात ऊसतोड कामगाराचा आवाज शोधू नका.

मुलगा की मुलगी, आणि चित्रातला सायंटिस्ट

वेलकमच्या पाहणीत ‘मला विज्ञानातलं बऱ्यापैकी कळतं’ असं ४९ टक्के पुरुषांनी सांगितलं, बायकांनी ३८ टक्के. अमेरिकी चाचण्यांत पुरुषांचे गुण भौतिकशास्त्राच्या प्रश्नांवर जास्त येतात. शरीर-आरोग्याच्या प्रश्नांवर मात्र बायका बरोबरीला असतात किंवा पुढे. त्यातलाच एक प्रश्न: मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या जनुकावरून ठरतं का? तिथे बायका पुरुषांना सहज मागे टाकतात.

भारतात २००४ साली याचं बरोबर उत्तर देणारे होते अवघे ३८ टक्के. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ७० टक्क्यांना ठाऊक, आणि हे ३८ टक्क्यांना! पृथ्वीची फिरकी चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही. हे उत्तर चुकलं, की तिसरी मुलगी झालेल्या सुनेला घराबाहेर काढलं जातं. माझ्या हातात असतं, तर दहावीच्या पुस्तकातला हा एक परिच्छेद मी लग्नपत्रिकेच्या मागे छापला असता.

मुलांच्या डोक्यात विज्ञानाचा चेहरा कोणाचा आहे, हे शोधायची एक झकास युक्ती डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली छापली. ४,८०७ मुलांना सांगितलं, शास्त्रज्ञाचं चित्र काढा. त्यांत बाई शास्त्रज्ञ किती निघाल्या? २८. त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या. एकाही मुलग्याने नाही. पुढे २०१८ साली पाच दशकांतली अमेरिकेतली अशी वीस हजारांहून अधिक चित्रं एकत्र तपासली, तर १९८५ नंतरच्या चित्रांत प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण एक आकडा काळजाला लागतो. सहा वर्षांच्या मुली दहातल्या सात वेळा बाई काढतात. त्या सोळा वर्षांच्या होईपर्यंत चारातल्या तीन चित्रांत पुरुष असतो. म्हणजे मधल्या दहा वर्षांत, शाळेत, घरात, टीव्हीवर, आपणच काहीतरी शिकवतो.

२४ सप्टेंबर २०१४ला मंगळयान कक्षेत पोचलं आणि रेशमी साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या इस्रोच्या महिला कर्मचाऱ्यांचा जल्लोषाचा फोटो जगभर गेला. त्या मोहिमेत रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित यांनी काम केलं होतं. आपल्याकडच्या झेडपीच्या शाळांत शास्त्रज्ञाची अशीच चित्रं काढून घ्यायला हवीत. कोरा कागद आणि खडूपेटी एवढाच खर्च. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण पाहायला, गावोगावच्या शाळा एसटीने येतात. तिथल्या मुलींपासून सुरुवात करता येईल.